बाहेरचे खाणे : बुलढाणा जिल्ह्यापुरते

बुलढाणा जिल्ह्यात जेवायला म्हणून कोणी बाहेर जात नाही. माणूस तहसीलमध्ये जातो, दवाखान्यात जातो, सोयाबीनची गाडी घेऊन बाजार समितीत जातो, दर्शनाला जातो, पोरीला स्थळ पाहायला जातो. आणि तिथे पोचल्यावर त्याला भूक लागते. घरी चूल पेटलेली असताना निव्वळ चवीसाठी पैसे मोजणे हा उधळेपणा, पण कामासाठी बाहेर पडल्यावर उपाशी राहणे हा स्वतःवरच अन्याय. या दोन तत्त्वांच्या मधे जी जागा उरते, तिच्यात तेराही तालुक्यांतली हॉटेले, हातगाड्या, ढाबे आणि खाणावळी दाटीवाटीने बसल्या आहेत. त्यामुळे इथल्या हॉटेलांचे वर्गीकरण पदार्थांवरून करता येत नाही. ते निमित्तांवरून करावे लागते.

पहिले निमित्त रेल्वेचे. भुसावळहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोचला आणि जाता जाता मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही स्टेशने जिल्ह्याच्या पदरात टाकून गेला. खामगावच्या कापसाला 1870 मध्ये जलंबहून स्वतंत्र फाटा मिळाला. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहराला मात्र रेल्वे नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. या काळात गाडी आली नसली तरी तिच्यासाठी झालेल्या बैठका, निवेदने आणि उपोषणे यांवर चहावाल्यांच्या दोन-तीन पिढ्या व्यवस्थित पोसल्या गेल्या, ही रेल्वेची जिल्ह्याला झालेली अप्रत्यक्ष मदत समजली जाते.

भुसावळ–नागपूर मार्गावरचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे शेगावची कचोरी. पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने 1950 च्या आसपास शेगावात ती करायला सुरुवात केली आणि रेल्वेच्या प्रवाशांनी ती मुंबईपासून कोलकात्यापर्यंत पोचवली. आवरण मैद्याचे, आत डाळीचे झणझणीत सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. मूळ पद्धतीत सोबत चटणी नसते, त्यामुळे चटणी मागणारा माणूस बाहेरगावचा हे गिऱ्हाइकांच्या रांगेतही लगेच कळते. जाणकार माणूस कचोरीचा मधोमध अंगठ्याने ठाव घेतो, आतली वाफ जाऊ देतो, मिरची देठाला धरून तिचे टोक दाताने तोडतो आणि मग कचोरीचा घास घेतो. नवखा उलट करतो, म्हणजे आधी घास घेतो आणि जीभ पोळल्यावर थंडाव्यासाठी मिरचीकडे वळतो. पुढचे काही क्षण त्याला बोलता येत नाही. दुकानदार ते समाधान समजून दुसरी कचोरी पुढे करतो.

गाडीतून कचोरी घेणे हे वेगळे शास्त्र आहे. गाडी थांबते ती मिनिट-दोन मिनिटे. एवढ्यात विक्रेत्याला हाक मारणे, किती हव्यात यावर डब्यातल्या मंडळींचे एकमत करणे, भाव विचारणे, तो जास्त वाटल्याचे चेहऱ्यावर दाखवणे, पाचशेची नोट काढणे आणि सुट्यांची वाट पाहणे इतकी कामे उरकायची असतात. एकमतालाच बहुतेक वेळ जातो. "मला नको" असे सांगणारा एक जण प्रत्येक कुटुंबात असतो आणि गाडी सुटल्यावर अर्धी कचोरी त्याच्याच वाट्याला जाते. गाडी हलली की विक्रेता फलाटावरून धावू लागतो. तो पैसे घ्यायला धावतो आहे की परत द्यायला, हे खिडकीतून ओळखता येत नाही, कारण दोन्ही वेळा त्याचा वेग सारखाच असतो.

कचोरीची कीर्ती वाढली तशा पाट्याही वाढल्या. "असली", "मूळ", "सर्वांत जुनी", "आमची कोठेही शाखा नाही" या पाट्या शेजारीशेजारी आढळतात. आता पुण्यात, मुंबईत आणि नागपुरातही शेगाव कचोरीची दुकाने आहेत. शेगावचा माणूस पुण्यात ती विकत घेऊन खातो आणि "आपल्या तिकडची मजा नाही" असे सांगत आणखी एक मागवतो.

दुसरे निमित्त दर्शनाचे. शेगावला येणाऱ्या भाविकाची भूक ही हॉटेलवाल्यांची मक्तेदारी नाही. श्री गजानन महाराज संस्थानात महाप्रसाद मिळतो, त्याचे पैसे लागत नाहीत, आणि वाढणारे सेवाधारी प्रत्येकाला "माऊली" म्हणतात. भाविकाला या शब्दाची सवय झाली की बाहेर हॉटेलात "ओ, सरकून बसा" हे ऐकताना जास्त लागते. महाप्रसादाच्या पंगतीत ताटात काही टाकू नये हा दंडक आहे. 23 फेब्रुवारी 1878 रोजी महाराज शेगावात प्रथम दिसले तेव्हा ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खात होते, असे चरित्रात सांगितले आहे. त्या गावात पानात अन्न टाकणारा माणूस म्हणूनच जरा बावरलेला असतो. एरवी लग्नाच्या पंगतीत तीन जिलब्या टाकणारी मंडळी इथे भाजीची वाटी बोटाने निपटतात. महाराजांना पिठले-भाकरी प्रिय होती, म्हणून प्रकटदिनाला घरोघरी पिठले-भाकरीचा आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य होतो. फुकट आणि पोटभर प्रसाद मिळत असताना समोरची हॉटेले चालतात कशी, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे की प्रसादाने भूक भागते, पण निमित्त संपत नाही. प्रसादानंतर चहा लागतो, चहाबरोबर कचोरी लागते आणि कचोरीनंतर तिखट मारायला पुन्हा चहा लागतो.

तिसरे निमित्त सरकारी कामाचे, आणि उलाढालीच्या दृष्टीने हेच सर्वांत भरवशाचे. तहसील, कोर्ट, भूमी अभिलेख आणि पंचायत समिती यांच्या आवाराबाहेर एक ठरावीक प्रकारचे हॉटेल असते. पत्र्याचे छत, बाहेर भट्टी, भट्टीवर कायमची काळी झालेली कढई, आत चार बाकडी, गल्ल्यावर मालक आणि मालकाच्या डोक्यावर देवांच्या तसबिरी. या हॉटेलाची वेळ कचेरीच्या वेळेवर चालते. "साहेब जेवायला गेले" हे वाक्य खिडकीतून आले की व्हरांड्यातला समुदाय उठतो आणि तोही हॉटेलकडे निघतो. साहेबांचे जेवण जितके लांबते तितके लोकांचेही लांबते. साहेब दौऱ्यावर गेले तर मालक जास्तीचे पीठ भिजवायला सांगतो.

इथला पहिला पदार्थ पोहे. ते सकाळी अकरापर्यंत असतात, त्यानंतर "पोहे आहेत का?" असे विचारले तर मालक भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो, उत्तर देत नाही. दुसरा आलूबोंडा. तो एकटा येत नाही. बशीत फोडून, त्यावर रस्सा ओतून, वरून शेव-कांदा घालून येतो, त्यामुळे बोंड्याचा आकार, आणि पर्यायाने भावाची योग्यता, गिऱ्हाइकाच्या नजरेस पडत नाही. तिसरा भजी. चौथा चहा, पण तो पदार्थ नसून व्यवहार आहे. अर्ज लिहून देणारा, साक्षीदार, वकिलाचा कारकून आणि शेजारच्या बांधाचा प्रतिवादी हे सगळे एकाच टेबलावर "दोनात तीन" चहा घेतात. आतल्या दालनात जे भांडत असतात तेच बाहेर एकमेकांना बशी पुढे करताना दिसतात. खटला वीस वर्षे चालला तर चहाचे पैसे कोणी दिले हा दुसरा वाद उभा राहतो. त्यासाठी न्यायालयात जाण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

याच आवारात शासनाने स्वतःही हॉटेल चालवून पाहिले आहे. 1995 नंतर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: प्रत्येकी 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात आणि 100 ग्रॅम वरण. जेवणाचे माप ग्रॅममध्ये सांगण्याची ही पद्धत वऱ्हाडाला नवीन होती. इथे माप पोटाचे असते आणि ते वाढणाऱ्याने ठरवायचे असते. पाहुण्याने "पुरे" म्हटल्यावर जी भाकरी ताटात पडते तिचे वजन कोणी करत नाही.

चौथे निमित्त एसटीचे. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर या स्थानकांवर कंडक्टर खाली उतरता उतरता "दहा मिनिटं थांबेल" असे सांगतो. ही दहा मिनिटे म्हणजे किती, याबद्दल प्रवाशांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचा प्रवासी अर्धा तास गृहीत धरून मिसळ मागवतो आणि पहिला घास घेताच गाडीचा हॉर्न ऐकतो. दुसऱ्या पंथाचा प्रवासी खालीच उतरत नाही, खिडकीतून वडापाव मागवतो, आणि गाडी पुढे पाऊण तास तिथेच उभी राहते. अनुभवी प्रवासी घड्याळाकडे पाहत नाही. तो ड्रायव्हर-कंडक्टरच्या टेबलाच्या शेजारचे टेबल पकडतो आणि त्यांच्या ताटातला भात संपेपर्यंत निवांत जेवतो. जागा राखायला खिडकीतून टाकलेला रुमाल मात्र तो जाण्यापूर्वी तपासून घेतो, कारण रुमालाचा मान सगळ्याच गावांत सारखा राखला जात नाही.

पाचवे निमित्त आठवडी बाजाराचे. बाजारात खाणे हे जिल्ह्यातले एकमेव असे बाहेरचे खाणे आहे, ज्याला घरच्यांची उघड संमती असते. त्याची अट एवढीच की खाणाऱ्याने घरी काहीतरी आणावे. म्हणून बाजारातले पदार्थ बांधून नेता येतील असेच असतात: शेव, जिलबी, गाठी, भजी, चिवडा. ते नगावर विकत मिळत नाहीत, पावशेराने मिळतात. तराजूत शेवटची दोन भजी टाकताना दुकानदार हात जरा वर थांबवतो, आणि ती पडली की गिऱ्हाइकाला जिंकल्याचे समाधान मिळते. पुडा घरी पोचेपर्यंत त्याचा कागद तेलाने पारदर्शक होतो आणि आतले निम्मे वजन वाटेतच कमी झालेले असते. "बाहेरचं खाऊ नका, बाधतं" हा उपदेश करणारे वडील शर्टाच्या खिशावरचा जिलबीचा डाग पुसत पुसतच तो करतात.

सहावे निमित्त लांबच्या प्रवासाचे. मलकापूर, नांदुरा, खामगाव या मार्गाने राष्ट्रीय महामार्ग 53 जातो. नांदुऱ्याची 105 फूट उंच हनुमानमूर्ती या रस्त्यावरून लांबून दिसते आणि ढाब्यांचे पत्ते तिच्यावरूनच सांगितले जातात: मूर्तीच्या अलीकडे, मूर्तीच्या पलीकडे, किंवा मूर्ती दिसायची बंद झाली की डाव्या हाताला. पश्चिमेला जळगाव जिल्ह्याची हद्द लागून असल्याने ढाब्यांवर खानदेशी शेवभाजीचे राज्य आहे. चांगल्या शेवभाजीची परीक्षा नजरेने होते. तर्री वर वेगळी उभी राहिली पाहिजे, शेव तळाशी जाऊन पूर्ण विरघळण्याआधी ताटात आली पाहिजे, आणि पहिल्या घासाला खाणाऱ्याने बोलणे थांबवले पाहिजे. बाजेवर मांडी घालून बसण्याची सोय ढाब्यावर असते. बाजेवरून उठायला जो वेळ लागतो त्यावरून जेवण किती झाले हे मालक बिल न पाहताच ओळखतो.

11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. तो मेहकर आणि सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. ताशी 120 किलोमीटरच्या वेगाने माणूस तासाभराच्या आत जिल्हा ओलांडतो, आणि तोही काही न खाता. जिल्ह्याच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते. सुरुवातीला या रस्त्यावर खाण्याची सोय फारशी नसल्याने मोटारींमधून घरचे डबे परत दिसू लागले, म्हणजे देशातल्या अत्याधुनिक रस्त्यांपैकी एकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुन्हा प्रतिष्ठित झाली. पायी प्रवासाचा विक्रम मात्र वाघाच्या नावावर आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून 2019 च्या डिसेंबरात बुलढाणा–खामगाव रस्त्यालगतच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. वाटेत तो कोणत्याही ढाब्यावर थांबल्याची नोंद नाही. ढाबेवाल्यांनी ही गोष्ट मनाला लावून घेतलेली नाही.

सातवे निमित्त पर्यटनाचे. लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेले आहे. 1823 मध्ये ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर याने त्याची नोंद केली, आणि 2020 मध्ये आधी त्याचे पाणी गुलाबी झाले आणि पुढे त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. 12 जानेवारीला तिथे मोठा जनसमुदाय लोटतो. लोणारचे पाणी खारट आणि क्षारयुक्त असल्याने पिता येत नाही आणि विवर खोल असल्याने वर चढून येताना पर्यटकाचे पोट रिकामे होते. या अवस्थेत तो गावातल्या हॉटेलात शिरतो आणि जिल्ह्याच्या खाद्यसंस्कृतीला भिडणारा मूळ प्रश्न विचारतो.

"इथलं खास काय आहे?"

"सगळंच खास आहे साहेब. पनीर मसाला आहे, काजू करी आहे, मंच्युरियन आहे."

"नाही, इकडचं काही? वांग्याचं भरीत, मिरचीची भाजी?"

"भरीत तं घरी राह्यते साहेब. हाटेलात कायले लागते?"

वेटरचे हे उत्तर उद्धट नसून शास्त्रशुद्ध आहे. घरी जे उत्तम होते त्याला पैसे मोजणे ही वेडेपणाची खूण. हॉटेलात तेच मागवायचे जे घरच्या बाईला करता येत नाही, किंवा करता येत असूनही जे ती करणार नाही. म्हणून जिल्ह्यातले खरे पदार्थ मेनू कार्डावर अभावानेच सापडतात. गौऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या वांग्यांचे भरीत, मलकापूरकडची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, पाटोडीचा रस्सा, हिरव्या मिरच्या आणि तुरीची डाळ एकत्र शिजवून, आंबट चुका घालून घोटलेली मिरचीची भाजी, हे सगळे जिल्हाभर रोज शिजते आणि पर्यटकाला त्याचा फक्त वास येतो. तो वास शेजारच्या घरातून येत असतो, आणि त्याच्यासमोर मंच्युरियन ठेवलेले असते.

जगात सगळीकडे असे नाही. तुर्कस्तानच्या इस्तंबूल, कोन्या, गाझियानतेप यांसारख्या शहरांच्या पेठांत दुकानदार आणि कारागीर यांच्यासाठी चालणाऱ्या खाणावळी असतात. तिथे मसुराचे सूप, वांग्याची भाजी, फरसबी, भात असे अगदी घरगुती पदार्थ काचेआड मोठ्या तसराळ्यांत मांडलेले असतात. गिऱ्हाईक बोट दाखवते, वाढणारा ताटली भरतो. सराफ आणि शिंपी शेजारी बसून रोज दुपारी घरच्यासारखे जेवतात आणि वर काचेच्या इवल्या पेल्यातून कोरा चहा पितात. त्यासाठी त्यांना कोणतेही कारण सांगावे लागत नाही. खामगावच्या सराफ्यातला दुकानदार मात्र, गाव चांदीसाठी देशभर नावाजलेले असूनही, दुपारी शटर अर्धे ओढतो, घरी जाऊन वरण-भाकरी खातो, एक डुलकी काढतो आणि परत येतो. त्या वेळात आलेल्या गिऱ्हाइकाला शेजारचा दुकानदार सांगतो, "जेवायला गेले, येऊनच राह्यले." गिऱ्हाईक समोर चहा प्यायला जाते. अशा रीतीने घरी जेवणारा माणूससुद्धा हॉटेलाच्या धंद्याला हातभार लावतो.

स्थानिक पदार्थ घराबाहेर खाण्याचा एकच राजमार्ग आहे आणि तो हॉटेलातून जात नाही. तो शेतातून आणि भंडाऱ्यातून जातो. नवस फेडायला मारुतीच्या पारापाशी किंवा शेतातल्या झाडाखाली रोडग्यांचा स्वयंपाक होतो. जाडसर कणकेचे गोळे गौऱ्यांच्या हारात भाजतात, राख झटकतात, दोन हातांनी फोडतात, वर तुपाची धार धरतात आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी वाढतात. निमंत्रण सगळ्या गावाला असते. वाटसरूलाही हाक मारतात. हॉटेलात पनीर वाढणारा तोच पोरगा इथे भाजीची बादली घेऊन पंगतीत फिरताना दिसतो आणि "घ्या ना भाऊ, लाजू नका" म्हणत नको असलेली तिसरी पळी वाढतो. खाद्यपदार्थांना या जिल्ह्यात एरवीही मान मोठा. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घागरीवर पुरी, पापड, भजी, वडे, करंजी आणि कुरडई ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची स्थिती पाहून पाऊसपाणी, पिके आणि राजकारण यांचे भाकीत सांगतात. रात्रभर भजी आणि वडे शेतात राहतात आणि कोणी खात नाही, हा जिल्ह्यातल्या शिस्तीचा वर्षातला सर्वोच्च बिंदू होय.

आठवे आणि सर्वांत नवे निमित्त वाढदिवसाचे. त्यासाठी फॅमिली रेस्टॉरंट निघाली आहेत. इथे रंगीत दिवे असतात, टेबलावर काच असते, काचेखाली मेनू असतो आणि मेनूत दोनशेच्या वर नावे असतात. कढया मात्र आत तीनच असतात: लाल रस्सा, पांढरा रस्सा आणि हिरवा रस्सा. बाकी सगळे नावांचे कर्तृत्व. नऊ जणांचे कुटुंब बसते तेव्हा मागणी ठरायला वेळ लागतो. मुलांना नूडल्स हवे असतात. सुनेला पनीर हवे असते. मुलगा "काहीही सांगा" असे म्हणून उजव्या बाजूचा भावाचा रकाना वाचत असतो. शेवटी आजोबांना विचारतात. आजोबा "मले काही नाही लागत, दाल सांगा" म्हणतात, आणि दाल आल्यावर तिची वाटी तिरपी करून पाहत प्रथम भाव विचारतात. भाव कळल्यावर त्यांचे पुढचे जेवण शांतपणे होते. ते मनातल्या मनात तेवढ्या पैशात घरी किती तूर आली असती याचा हिशेब करत असतात. आजी हात धुवायचे लिंबूपाणी सरबत समजून पितात का, अशी धास्ती सुनेला असते; प्रत्यक्षात आजी ते ओळखतात आणि नातवाला पिऊ देत नाहीत. तो त्या संध्याकाळचा त्यांचा विजय असतो.

निमित्त कोणतेही असो, टेबलावरचे रीतिरिवाज सगळीकडे सारखे आहेत. पहिले पाणी येते, दुसरा कांदा येतो, तिसरा वेटर. कांदा फुकट असतो. भाव वाढले की तो पातळ होत जातो, मग त्यात मुळा शिरतो आणि शेवटी ताटलीत निव्वळ कोबी दिसू लागला की बाजारभाव वर्तमानपत्रात पाहायची गरज उरत नाही. तक्रार करायची झाल्यास ती वेटरकडे होत नाही, एकमेकांत होते. "भाजी खारट आहे" हे वाक्य टेबलावर चार वेळा फिरते; मालक येऊन "कसं झालं भाऊ?" विचारतो तेव्हा चौघेही "एक नंबर" म्हणतात. परत जाताना मोटारसायकलवर त्या भाजीचा विषय निघतो तो घर येईपर्यंत पुरतो.

बिलाच्या वेळी खरी कसोटी लागते. बिल टेबलावर येत नाही, गल्ल्यावर सांगितले जाते, म्हणून उठण्याचा क्षण महत्त्वाचा. जेवण संपत आले की दोघेजण एकमेकांच्या शेवटच्या घासाकडे लक्ष ठेवून असतात. आधी हात धुतो तो गल्ल्यापर्यंत आधी पोचतो. मग "तुम्ही राहू द्या", "असं कसं", "पाव्हणे, माझ्या गावात येऊन तुम्ही देता का?" हा संवाद मोठ्या आवाजात होतो. एकमेकांचे मनगट धरले जाते, नोट दोनदा चुरगळते आणि मालक दोन्हींकडे तटस्थपणे पाहत बडीशेपेची वाटी पुढे सरकवतो. मनातून देण्याची इच्छा नसणारा मनुष्य सगळ्यांत जास्त जोर लावतो, पण त्याच्या पाकिटाची चेन नेमकी अडकते. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून या कलेला उतरती कळा लागली आहे. एक जण जेवता जेवताच भिंतीवरचा चौकोन टिपून पैसे पाठवतो, गल्ल्यावरची पेटी "इतके रुपये प्राप्त झाले" असे ओरडून जाहीर करते आणि सगळ्या हॉटेलाला त्या टेबलाचा खर्च कळतो.

पैसे दिल्यावर पार्सल. बाहेर जेवलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जात नाही. दोन कचोऱ्या, पाव किलो जिलबी, निदान भज्यांचा पुडा तरी तो घेतो. घरी पोचल्यावर "कुठं होता इतका वेळ?" या प्रश्नाला आधी पुडा उत्तर देतो. मग कामाचे विचारले जाते. काम झालेले नसतेच; साहेब जेवायला गेले होते.

बाहेरगावहून येणाऱ्या वाचकाने हॉटेल निवडताना पाटी पाहू नये, कढई पाहावी. तेल कोणत्या रंगाचे आहे आणि कढईभोवती गावचीच माणसे उभी आहेत का, एवढे पुरते. बाजाराच्या दिवशी भाजीविक्रेत्या बाया जिथे चहा पितात ते हॉटेल चांगले समजावे, कारण त्या पैसे मोजून देतात आणि चहा मोजून घेतात. रोडग्यांच्या पंगतीला कोणी हाक मारली तर ओळख नाही म्हणून संकोच करू नये. बसल्यावर ओळख निघते. मागणी सांगताना "कमी तिखट" हे दोन शब्द वाया घालवू नयेत. वेटर ते ऐकतो, मान डोलावतो, पण आतल्या आचाऱ्यापर्यंत ते पोचत नाहीत. त्याऐवजी दही मागवावे. ते बहुतेक ठिकाणी मिळते आणि त्याचे पैसे वेगळे लागतात.